स्वस्तातलं बीफ वातड का होतं: आधी तुकडा ओळख, मग भांडं चढव

तू लिहिलंस की जर्मनीत गीसनला शिकायला आल्यावर सुपरमार्केटातून ‘गुलाश’, म्हणजे रश्श्यासाठीचे तुकडे, असं छापलेलं बीफचं स्वस्त पाकीट आणलंस, घरच्या मटणासारखं कांदा-लसणात परतून चाळीस मिनिटं शिजवलंस, आणि ते चामड्यासारखं वातड निघालं. दुसऱ्या वेळी मांडीचा एक लालभडक, बिनचरबीचा तुकडा आणून कुकरच्या आठ शिट्ट्या केल्यास. ते मऊ पडलं, पण धागे धागे सुटून कोरडं झालं, घशाखाली उतरेना. स्टेक परवडत नाही, तर बीफ खायचंच सोडू का, असं विचारलंस. सोडू नकोस. दोन्ही वेळा मांस चांगलंच होतं, फक्त पहिल्याला दुसऱ्याची पद्धत हवी होती आणि दुसऱ्याला पहिल्यापेक्षाही झटपट काहीतरी. माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते आणि सविस्तर लिहिते.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. बावीस वर्षांपासून इथे जर्मनीतल्या हेसन राज्यात आहे. आमच्या वस्तीत मोठ्याचं मांस, म्हणजे बीफ, यायचं ते स्वस्त म्हणून, आणि त्यातही आमच्या वाट्याला मान, नळी, खांदा हेच. मऊ तुकडा हाताळायची वेळ आजीवर फारशी आलीच नाही. पण मांस घरात आलं की ती आधी खाली बसून ते निवडायची, धान्य निवडावं तसं. पांढऱ्या शिरांनी भरलेलं एका बाजूला, लाल आणि सपाट दुसऱ्या बाजूला, चरबी तिसऱ्या. पहिलं चुलीवर चढायचं आणि दुपार सरेपर्यंत उतरायचं नाही. दुसऱ्याच्या पातळ पट्ट्या निघायच्या, मीठ-हळद लावून दोरीवर वाळायच्या, त्या चान्या. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर, नाहीतर डाळीत टाकून. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या निवडण्यातच आहे.

मांस वातड लागतं ते दोन कारणांनी, आणि ती कारणं वेगवेगळी आहेत. एक म्हणजे कोलॅजन. जनावर चालतं, मान वाकवतं, वजन पेलतं, त्यामुळे पाय, मान, खांदा, छाती इथल्या स्नायूंना बांधून ठेवणारं हे जाळं दाट असतं. तुला दिसणाऱ्या पांढऱ्या शिरा आणि पडदे म्हणजे तेच. दुसरं म्हणजे मांसाचे स्वतःचे धागे. तापल्यावर ते आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात.

आता गंमत बघ. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास कोलॅजन आधी आवळतं, आणि धाग्यांना ओल्या फडक्यासारखं पिळतं. ते विरघळायला लागतं त्याच्या पुढे, सत्तरच्या वर, आणि तेही सावकाश. भांड्यातलं पाणी नव्वदच्या आसपास ठेवलंस तर अडीच-तीन तासांत त्याचं जिलेटिन होतं. तेच जिलेटिन रश्श्याला दाटपणा देतं, ओठांना किंचित चिकटतं, आणि मांसातलं पाणी गेलेलं असूनही घासाला ओलावा देतं. म्हणजे चाळीस मिनिटांनी तू गॅस बंद केलास तेव्हा मांस सगळ्यात वातड अवस्थेत होतं. ‘फार शिजलं म्हणून कडक झालं’ असं तुला वाटलं, पण ते अर्धंच शिजलं होतं. तेच पातेलं आणखी दोन तास मंद आचेवर राहिलं असतं तर तू हा प्रश्न विचारला नसतास. नव्या माणसांची सर्वात जास्त फसगत इथेच होते, म्हणून इतकं लांबवून सांगितलं.

जनावराचं वयही लक्षात घे. म्हाताऱ्या जनावराचं कोलॅजन जास्त घट्ट गुंफलेलं असतं, ते सुटायला वेळ लागतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळे तिकडे मिळतं ते म्हशीचं. ते अनेकदा बऱ्याच वयाच्या जनावराचं असतं, रंगाने गडद, चरबी कमी. इकडच्या वेळा तिकडे लावायच्या असतील तर अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा, हे तिकडून वाचणाऱ्यांसाठी.

आता दुकानात काय उचलायचं ते. माझी पहिली पसंती बाइनशाइबे. पायाचा हाडासकट आडवा कापलेला गोल तुकडा, मधे मगज भरलेली नळी. इथले लोक तो सूपसाठी नेतात म्हणून तो बहुतेक वेळा स्वस्तात मिळतो. तुर्की खाटकाकडे जात असशील तर ‘इनजिक’ माग, तो बिनहाडाची पोटरी काढून देईल. व्हिएन्नातलं खरं गुलाश याच पोटरीचं करतात, आणि मांसाच्या वजनाइतका कांदा घालतात. पीठ लागत नाही, दाटपणा कांदा आणि जिलेटिन मिळून देतात. गालाचं मांस, रिंडरबाकन, दिसलं तर सोडू नकोस. छातीचं, म्हणजे ब्रुस्ट, चांगलं, पण त्याचे मोठे तुकडे ठेव. शेपूटही उत्तम, फक्त पैसे हाडाचेही मोजावे लागतात. आणि ‘गुलाश’ लिहिलेल्या तयार पाकिटापासून जरा सांभाळून. त्यात कधी खांदा असतो, कधी मांडी, कधी दोन्ही मिसळलेलं. एक तुकडा विरघळतो आणि शेजारचा कोरडा पडतो, मग दोष स्वयंपाकाला. सबंध तुकडा घेऊन घरी कापावा.

माझी नेहमीची पद्धत अशी. किलोभर बाइनशाइबे किंवा पोटरी, आदल्या रात्री दोन सपाट छोटे चमचे मीठ चोळून फ्रिजमध्ये. मीठ सावकाश आत जातं. मसाला, दही, व्हिनेगर काही मिलिमीटरच्या पुढे सरकत नाहीत, त्यामुळे आधी लावायचं असेल तर मीठ लाव. दुसऱ्या दिवशी पुसून कोरडं कर आणि जाड बुडाच्या भांड्यात तेल चांगलं तापवून थोडे थोडे तुकडे खरपूस कर. सगळे एकदम टाकलेस तर पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडतात. ‘असं भाजल्याने रस आत कोंडला जातो’ असं पुष्कळजण सांगतात. ही समजूत पसरवली ती युस्टुस फॉन लीबिशने, १८४७ च्या सुमारास, आणि तो तुझ्याच गीसनच्या विद्यापीठात प्राध्यापक होता, तुझ्या विद्यापीठाला नाव त्याचंच आहे. रसायनशास्त्रात तो थोर, पण ही गोष्ट चुकीची ठरली. रस कोंडला जात नाही. भाजायचं ते चवीसाठी, त्या तपकिरी पापुद्र्यासाठी.

मांस काढून त्याच भांड्यात तीन-चार मोठे कांदे पुरते लाल कर, आलं-लसूण, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, घरून आणलेला काळा मसाला. मांस परत आत, आणि गरम पाणी तुकडे जेमतेम बुडतील इतकंच. झाकण घट्ट. एक उकळी आली की आच इतकी कमी कर की अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा. खदखदा उकळलंस तर धागे जास्त आवळतात. ओव्हन असेल तर काम आणखी सोपं: झाकलेलं भांडं १५० अंशांवर तीन-साडेतीन तास, मधे बघायचीही गरज नाही. अडीच तासांनी काटा खुपसून फिरव. सहज फिरला तर झालं. अडला तर वेळ कमी पडलाय, पाणी बघून अर्धा तास आणखी दे. शेवटी चमचाभर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, पाण्यात कालवून सोड. येसर नसेल तर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून घे, त्यानेही रस्सा मिळून येतो. आजीच्या हातचा तो वास मला इथल्या फ्लॅटमध्ये दर हिवाळ्यात परत मिळतो, आणि त्यासाठी मला महागडा तुकडा कधी लागला नाही.

कुकरचं सांगते. पूर्ण दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, त्यामुळे तीन तासांचं काम पाऊण तासात उरकतं. पण शिट्ट्या मोजू नकोस, मिनिटं मोज. शिट्ट्या आचेप्रमाणे कमी-जास्त होतात, आणि इथल्या कुकरना बहुतेक वेळा शिट्टीच नसते. दाब आल्यावर आच बारीक, पोटरीच्या तुकड्यांना ४५ मिनिटं, हाडासकट बाइनशाइबेला पंधरा मिनिटं जास्त. मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू दे. नळाखाली धरून वाफ सोडलीस तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस पिळवटून निघतं. या भांड्याचा मूळ पुरुष डेनिस पापँ. त्याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते दाखवलं होतं हाडं मऊ करण्यासाठी, आणि पुढे तो तुझ्या शेजारच्या मारबुर्गला प्राध्यापक होता. म्हणजे वातड मांसाकरताच ते जन्माला आलंय. चव मात्र मला सावकाश शिजवलेल्याची जास्त आवडते, कारण तिथे रस्सा आटतो आणि कुकरमध्ये आटत नाही. कुकर उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटं झाकणाशिवाय उकळू दिलंस तर बराचसा फरक भरून निघतो.

आता तुझा दुसरा तुकडा. मांडीचं मांस, ओबरशाले वगैरे, दिसायला सगळ्यात देखणं, म्हणून नवा माणूस तेच उचलतो. त्यात कोलॅजन कमी, चरबी जवळपास नाही. कुकरमध्ये घातलं की धाग्यांतलं पाणी जातं आणि त्याच्या जागी यायला जिलेटिन नसतं. म्हणून कोरडा भुसा झाला. अशा मांसाचं काम सुरीने करायचं. तुकडा फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून थोडा घट्ट कर, धागे कुठल्या दिशेने जातात ते नीट बघ, आणि त्यांना आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या काप. लांब धागा दातांना तोडावा लागतो, आडवा कापला की तो सुरीनेच तोडलेला असतो. इतकं एक केलंस तरी अर्धा वातडपणा गेला.

चिनी स्वयंपाकी याच्या पुढे एक युक्ती करतात. अर्धा किलो चकत्यांना अर्धा छोटा चमचा खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून चोळायचा, वीस मिनिटांनी धुऊन पुसायचं, मग कॉर्नफ्लोअर आणि सोया सॉस लावून रसरशीत आचेवर दोन मिनिटं. सोड्याने धागे घट्ट आवळत नाहीत. धुवायला विसरू नकोस, साबणासारखी चव राहते. आपल्याकडचा मार्ग कच्च्या पपईचा: अर्ध्या किलोला एक मोठा चमचा सालासकट वाटलेली पपई, अर्धा-पाऊण तास, आणि मग पसंदे किंवा तव्यावरचे कबाब. इथे कच्ची पपई सहज मिळत नाही, पण किवी मिळतो आणि त्यातही पपईसारखंच मांस मऊ करणारं एन्झाइम असतं. अर्धा किवी पुरे, अर्ध्या तासाच्या वर नको. रात्रभर ठेवलेल्याचा बाहेरून चिखल होतो आणि आत तसंच राहतं, हे मी पाहुणे दारात असताना अनुभवलंय. जाड तुकड्याला हा उपाय लावूच नये. आणि डब्यातला अननस वापरू नकोस, डबाबंद करताना तो तापवतात, त्यात एन्झाइम उरत नाही.

मांडीच्याच चकत्यांचे जर्मन लोक रूलाडन करतात, आत मोहरी, कांदा, काकडीचं लोणचं गुंडाळून दीड-दोन तास रश्श्यात शिजवलेले. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही बीफचा रूलाद होतो, त्याच नात्यातला. किंवा सरळ खिमा करून घे. खिमा म्हणजे यंत्राने आधीच चावून दिलेलं मांस, तिथे वातडपणाचा प्रश्नच संपतो, आणि मटार घालून केलेला खिमा तुला तीन दिवस पुरेल. चान्यांचा मोह मात्र इथे आवर, या दमट हवेत बाल्कनीत मांस वाळवणं धोक्याचं आहे. कडक ऊन ही त्यातली खरी सामग्री आहे, आणि ती मी इथे आजवर मिळवू शकले नाही.

या शनिवारी असं कर. बाइनशाइबेचे दोन मोठे तुकडे आण, शुक्रवारी रात्री मीठ लाव, दुपारी बाराला चढव. चारला होईल, पण लगेच सगळं संपवू नकोस. रश्श्यातच निवू दे, निवताना मांस थोडा रस परत ओढतं. रविवारी फ्रिजमधून काढशील तेव्हा रस्सा खरवसासारखा थरथरेल आणि वर चरबीचा पिवळा थर असेल. तो थर चमच्याने उचलून वाटीत ठेव, सोमवारी त्यात बटाटे परत. नळीतला मगज भाकरीवर झटक, मीठ भुरभुर, आणि तो पहिला घास तू खा, खोलीतल्या मित्रांना हाक नंतर मार.