मोटरसायकलस्वाराला ठोकून पळालेली गाडी नंबर कुणी पाहिला नसेल तर सापडते का?

बऱ्याचदा सापडते. पळणारा माणूस निघून जातो, पण गाडी मागे बरंच काही सोडून जाते. फुटलेल्या हेडलाइटच्या किंवा आरशाच्या तुकड्यावर अनेकदा पार्ट नंबर कोरलेला असतो, त्यावरून कंपनी आणि मॉडेल कळतं. रंगाचा टिकलीएवढा पापुद्राही पुरतो: प्रायमर, मूळ रंग, वरचा पारदर्शक थर, यांचा क्रम आणि रसायनं कंपनीगणिक वेगळी असतात. कॅनडाच्या पोलिसांनी तर अशा रंगांचा ‘पीडीक्यू’ नावाचा डेटाबेसच बनवलाय.

मला सगळ्यात भारी वाटते ती साध्या बल्बची गोष्ट. दिवा चालू असताना काच फुटली, तर तापलेल्या तारेचं हवेत ऑक्सिडीकरण होतं, तिच्यावर काचेचे कणही वितळून चिकटतात. म्हणजे ‘मोटरसायकलचा लाइटच बंद होता’ ही गाडीवाल्याची सबब तिथेच तपासता येते. (एलईडीत अर्थात ही सोय नाही.)

बाकी सीसीटीव्ही, गॅरेजवाल्यांकडे चौकशी हे नेहमीचंच. म्हणून तुकडे उचलून रस्ता साफ करू नका. आधी ॲम्ब्युलन्स बोलवा, मग फोटो काढा.