वाचक विचारतात : बेस, रॉक आणि सोबतचे नाद

या वेळच्या पत्रांत पावसाळ्याची तक्रार सगळ्यांत जास्त, म्हणून तिला जागाही जास्त.

वर्तकनगर, ठाणे : माझा बेस गिटार भिंतीवरच्या हुकला टांगलेला असतो. जुलै लागला की पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खरखरतात, डिसेंबरात आपोआप थांबतात. दुकानदार म्हणतो, फ्रेट बदला. बदलू का?

मुळीच नाही. फ्रेट झिजले असते तर खरखर बाराही महिने राहिली असती. तुमचं दुखणं नेकच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीच्या, लाकडाचं आहे. चार तारा मिळून नेकला सत्तर-ऐंशी किलोंच्या जोराने पुढे ओढतात आणि आतली ट्रस रॉड ही धातूची सळई तिला मागे धरून ठेवते. दमट हवेत लाकूड फुगलं की हा तोल बिघडतो. नेक कुठल्या बाजूला जाईल ते लाकडागणिक बदलतं, म्हणून मित्राच्या बेसला जे केलं ते तुमच्या बेसला करू नका. खरखर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल, तर नेक बहुतेक गरजेपेक्षा सरळ झाली आहे किंवा मागे गेली आहे. पण आधी मोजा.

मोजायला फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा, लागतं. मोटारसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तेच. बेस ई-ए-डी-जी सुरात लावून घ्या, कारण सैल तारांवर घेतलेलं माप फसवं असतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. ०.३० मिलिमीटरचं पान तार न उचलता जेमतेम सरकलं तर नेक ठीक आहे. पान शिरतच नसेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा. फट फार असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळा. दिशा ट्रस रॉड फिरवायच्या नटच्या टोकाकडून पाहून ठरवायची. काही बेसना नट हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर) नसून नेकच्या बुडाशी असतो, तिथे त्या टोकाकडून पाहा.

एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. लाकूड सावकाश बसतं. संध्याकाळी एका बैठकीत तीन वेळा फिरवणारे दुसऱ्या दिवशी उलट्या तक्रारीने हैराण होतात. अ‍ॅलन की सैल बसत असेल तर फिरवू नका. ती चुकीच्या मापाची असते आणि नटचे कोपरे खाते. एकदा कोपरे गेले की काम घरचं राहत नाही. नट जागचा हलतच नसेल तरीही थांबा आणि कारागिराकडे न्या.

नेक लागल्यावरच ब्रिजकडे, म्हणजे तारा बुडाशी अडकतात त्या भागाकडे, वळा. सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत ई तारेला साधारण २.४ मिलिमीटर आणि जी तारेला २ मिलिमीटर उंची ठेवून सुरुवात करा. जोरात छेडणाऱ्याला थोडी जास्त लागते. शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर खरा लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडल्यावर येणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) नेकपासून लांब न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा. हा क्रम मोडून आधी सॅडल उचलणारे खूप आहेत. खरखर जाते खरी, पण वरच्या फ्रेटवर तार इतकी उंच होते की बोटं दुखू लागतात.

आणि तो हुक बाहेरच्या भिंतीवर असेल तर आतल्या भिंतीवर हलवा. ठाण्यात पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते.

ऐरोली : तिसऱ्या मजल्यावर राहतो. आवाज अगदी कमी ठेवतो, मोबाईलवरच्या डेसिबल अ‍ॅपवर पन्नासच्या आत दिसतो. तरी खालच्या काकू वर येतात. त्यांचं काही चुकतं का?

काकूंचं बरोबर आहे, फसवतंय ते अ‍ॅप. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा ज्या मापात दिलेली आहे ते कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे सूर फार कमी धरतं. ४० हर्ट्झपाशी जवळपास ३५ डेसिबल वजा होतात. अशी अ‍ॅप बहुधा त्याच मापाने मोजतात. तुमच्या मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. तो आकड्यात दिसत नाही, पण स्लॅबमधून खाली उतरतो.

या सुराची लांबी हवेत आठ मीटरच्या वर जाते, म्हणजे तुमच्या खोलीहून मोठी. पडदे, फोम आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे इथे काहीच करत नाहीत. तीन गोष्टी करा. अँप (अँप्लिफायर) जमिनीवरून उचलून जाड फोमवर किंवा गादी टाकलेल्या खुर्चीवर ठेवा. खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, कारण कोपरा खालचे सूर वाढवतो. आणि अँपवरचं बेसचं बटण मागे घेऊन मिडल पुढे करा. सूर स्पष्ट कळतो आणि खाली कमी जातो. रात्री दहानंतर मात्र हेडफोनच. ते अँपच्या किंवा छोट्या हेडफोन अँपच्या सॉकेटमध्ये लावायचे, थेट बेसच्या जॅकमध्ये नाही. ब्लूटूथचेही नकोत: बोट आणि आवाज यांत अंतर पडतं आणि लय बिघडायची सवय लागते.

नेरुळ : अकरावीत आहे. ‘सेव्हन नेशन आर्मी’ बसवलं. आता रॉकमधलं पुढे काय, आणि कोणत्या क्रमाने?

बसवलंस ते छान, पण मूळ रेकॉर्डवर तो बेस नाहीच. द व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइटने गिटार पेडलमधून एक सप्तक खाली उतरवली आहे.

पुढचं पाऊल यूटूचं ‘विथ ऑर विदाऊट यू’, १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ अल्बममधलं. डिसेंबर २०१९ मध्ये हा अख्खा अल्बम तुमच्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजला होता. अ‍ॅडम क्लेटन, यूटूचा बेसवादक, शेवटपर्यंत डी, ए, बी, जी हे चारच सूर फिरवतो. डी ए-तारेच्या पाचव्या फ्रेटवर घे. ए, बी, जी ई-तारेच्या पाचव्या, सातव्या, तिसऱ्या फ्रेटवर. प्रत्येक सुराला आठ ठोके, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. सोपं वाटतं तिथेच बिघडतं: सूर बदलण्याआधीचा आठवा ठोका घाईत पडतो, आणि मधलं बोट तर्जनीपेक्षा हलकं वाजतं. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ६० वर ठेवून सुरू कर, स्वतःचं वाजवणं फोनवर ध्वनिमुद्रित कर. दोन्ही दोष लगेच ऐकू येतात.

मग क्वीनचं १९८० चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. क्वीनचा बेसवादक जॉन डीकन याच्या या ओळीत सुरांइतकंच काम मधल्या शांततेचं आहे. मोकळी ई तार आपणहून थांबत नाही. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवून ती गप्प करायची. दाबलीस तर नको तो सूर उमटतो. एकाच बोटाने थांबवलीस तर कधी कधी हार्मोनिक वाजतो, म्हणून दोन-तीन बोटं टेकव. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नकोस. आमच्या मते वेगवान बोटांपेक्षा ही एक गोष्ट बेसवाल्याला जास्त उपयोगी पडते.

तिसरं पिंक फ्लॉइडचं ‘मनी’, १९७३. चाल सात मात्रांची आहे. तबला शिकलेला कुणी घरात असेल तर त्याला रूपक आठवेल, पण इथे तीन-दोन-दोन असे खंड शोधू नकोस, सात सलग मोज. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे. गिटारचा सोलो सुरू होतो तिथे बँड चारात जातो आणि नंतर परत सातात येतो. सराव त्या दोन वळणांवरच कर.

खारघर : मोबाईलवर गाणं लावलं की बेस काय वाजतोय ते कळतच नाही. कान कमजोर आहेत का?

मोबाईलचा स्पीकर एवढे खालचे सूर काढूच शकत नाही. ८२, १२३ हर्ट्झच्या आणि त्यावरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो, तोही अंदाजाने. वायरचे हेडफोन वापरा. तरी ओळ सुटत नसेल तर ‘ऑडॅसिटी’ या फुकट प्रोग्रॅममध्ये गाणं उघडून सूर बारा सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, वर न्या. गाणारा चिमणीसारखा ऐकू येईल, पण बेस गिटारच्या पट्टीत येऊन सुटा सुटा कळेल.

नौपाडा, ठाणे : आजोबांच्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आणि काकांच्या रॉकच्या एलपी एकाच कपाटात आहेत. दोन्हींवर बुरशी आली. स्पिरिटने पुसू का?

७८ ला स्पिरिट लावलंत तर तबकडी संपली. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, लगेच टिपून घ्या. एलपी विनाइलच्या असतात, त्यांना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. आजोबांचा गठ्ठा म्हणजे नाट्यगीतंच असं धरून चालू नका. बीटल्सची गाणी भारतात साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ वर निघत होती, तेव्हा प्रत्येक लेबल वाचा. ७८ ला सुई वेगळी, जाड लागते. एलपीच्या सुईने आवाज चरचरतो आणि सुईही खराब होते. कपाटात दोन्ही उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. बुरशी धरलेलं कागदी पाकीट परत वापरू नका.

कोपरी, ठाणे पूर्व : बँडचे काळे टी-शर्ट दोन धुण्यांत फिके पडतात, छपाईला भेगा जातात.

उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका. ड्रायर नको.

सीवूड्स : माझ्या अ‍ॅक्टिव्ह बेसची नऊ व्होल्टची बॅटरी आठवड्यात उतरते. वायरिंगमध्ये दोष असेल का?

वायरिंगला हात लावण्याआधी वाजवून झाल्यावर केबल बेसमध्येच राहते का ते पाहा. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये जॅक हाच स्विच असतो. केबल आत गेली की सर्किट चालू होतं, मग व्हॉल्यूम शून्यावर असला तरी बॅटरी खर्च होते. केबल काढूनही उतरत असेल तर जॅकची पानं वाकून एकमेकांना टेकली असतील, ती तपासून घ्या. बॅटरी संपत आली की आवाज आधी बारीक होत नाही, फाटतो. अँप बिघडला समजून तो दुरुस्तीला नेण्याआधी नवी बॅटरी घालून बघा.