वेढा, शिबंदी आणि शरणागती : वाचकांची प्रश्नोत्तरे

19 डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की मोबाइलवर ‘शेवटचा माणूस पडेपर्यंत लढले’ छापाचे निरोप फिरू लागतात आणि त्यापाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. म्हणून पुन्हा एकदा उत्तरे.

1683 साली पोर्तुगिजांनी फोंड्याचा किल्ला घेतला होता का? (डिचोली)

नाही.

मग आतल्या थोड्या लोकांनी शरणागती का पत्करली नाही? ते शपथ घेऊन मरायलाच बसले होते असे वाचले. (फोंडा)

कुठे वाचले ते कळवा, कारण कागदांत मला ती शपथ सापडलेली नाही. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन आला. तोफांनी तटाला भगदाड पडले. आत मराठ्यांचे सरदार येसाजी कंक आणि त्यांचे पुत्र कृष्णाजी होते. कृष्णाजी या झुंजीतल्या जखमांनी पुढे वारले. एवढे शौर्य डोळ्यांसमोर असताना खोट्या शपथेची गरज काय? शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, मरायला नव्हे, किल्ला राखायला बसली होती. संभाजी महाराज राजापुराकडे आहेत, कुमक येणार, हा भरवसा होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महाराज शत्रूच्या डोळ्यांदेखत किल्ल्यात शिरले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून दुर्भाटच्या बाजूने माघारी पळावे लागले.

याच किल्ल्यात आठ वर्षांपूर्वी, 1675 मध्ये, आदिलशाही किल्लेदार महंमदखान कोंडला गेला होता. बाहेर शिवाजी महाराज. खानाच्या लोकांनी सुरुंगांना उलट सुरुंग लावले, कौल, म्हणजे शरणागतीसाठी अभय, मागितला नाही. पोर्तुगिजांनी गुपचूप पाठवलेली रसद वाटेतच पकडली गेली आणि विजापूरची कुमक आलीच नाही. किल्ला पडला, बहुतेक शिबंदी कापली गेली. धैर्य दोन्ही वेळा होते. कुमक एकदाच पोहोचली. माझे कळकळीचे सांगणे असे, की वेढ्याची गोष्ट सांगताना विहीर, धान्य आणि वाट यांचा हिशेब आधी सांगा. नाहीतर मुले समजतील की हरलेले सगळे भित्रेच होते.

1961 साली गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा घाबरून शरण गेले ना? (म्हापसा)

हा शब्द मला मान्य नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून हुकूम धाडला होता की तह नको, कैदी नकोत; सैनिक विजयी व्हावेत किंवा मरावेत. इथे लढाऊ विमाने नव्हती, मदत येणार नव्हती. पूल उडवले गेले, मुरगावच्या बंदरात ‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही युद्धनौका लढलीही. पण पणजी बेचिराख करून हुकूम पाळण्याऐवजी त्यांनी 19 डिसेंबरला शरणागती लिहून दिली. तीन हजारांवर सैनिक कैद झाले आणि पुढे जिवंत घरी गेले. सालाझारने व्हासालो इ सिल्व्हांना सैन्यातून काढले, 1974 नंतर मान परत मिळाला. त्या हुकमाखाली आपलीही गावे होती, हे विसरू नका.

घरी मोडीतली सनद आहे, वेढ्यातल्या कामगिरीची म्हणतात. एक गृहस्थ लॅमिनेट करून ‘प्रमाणपत्रा’सह विकून देतो म्हणतात. पावसाळ्यानंतर ठरवू का? (पेडणे)

लॅमिनेट मुळीच करू नका, विकू नका आणि पावसाळ्याची वाट तर पाहूच नका. आपल्या दमट हवेत कसर वाट पाहत नाही. याच आठवड्यात पणजीच्या पुराभिलेख खात्यात दाखवा. मोडी जाणणाऱ्याने मूळ कागद पाहिल्याशिवाय ती सनद कसली, हे मीही सांगणार नाही.

कुळागरात (बागायतीत) लोखंडी तोफगोळा सापडला. घासून दिवाणखान्यात ठेवू? (सावर्डे)

हात लावू नका. पोकळ असेल तर आत दारू असू शकते. आधी पोलिसांना कळवा, मग पुरातत्त्व खात्याला.