शेवटचं पान झाकून ठेव

पोरी,

तुझी मेल रात्री पावणेदोनची. सकाळी सहाचा उड्डाणाचा स्लॉट असताना त्या वेळी झोपायचं असतं. पण ते जाऊ दे.

तू विचारलंस, 'सर, त्या विमान अपघाताच्या अहवालात चूक वैमानिकाचीच निघाली, म्हणजे तो कच्चाच होता ना?' आणि लगेच खाली, 'कच्चा नव्हता म्हटलं तर मला भीती वाटते.' ही दुसरी ओळ खरी आहे. पहिली तू झोप लागावी म्हणून लिहिलीस. होस्टेलात सगळे तेच करतात. कुणी गेलं की मेसमध्ये दहा मिनिटं शांतता, मग कुणीतरी म्हणतं, 'पण त्यानं एवढ्या खाली यायलाच नको होतं.' की ताटं पुन्हा वाजायला लागतात.

माझ्या ब्रीफिंग रूममध्ये हे वाक्य चालत नसे. 'मी असं केलं नसतं' म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. उड्डाणाआधी अपघातांचे अहवाल काढतो म्हणून मला अपशकुनी म्हणणारे सहकारीही होते. त्यांचाही चहा प्यायलोय.

भीतीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती असतेच. तू वाचतेस कशी, तेवढं बोलतो. तू शेवटापासून वाचतेस. 'संभाव्य कारण' आधी बघतेस आणि मग मागे येऊन त्या माणसाच्या चुका मोजतेस. शेवट माहीत असला की कुणीही शहाणा होतो. शेवटचं पान झाकून ठेव. आजवर शिकवलेलं सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं धर.

आपल्या एएआयबीचे, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेचे, अहवाल अॅनेक्स १३ या आंतरराष्ट्रीय चौकशी-नियमांच्या साच्यात असतात: आधी वस्तुस्थिती, मग विश्लेषण, मग निष्कर्ष, मग शिफारशी. त्याच अॅनेक्समध्ये लिहिलंय की चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, कुणाला दोषी ठरवणं नाही. हे पाठ करून परीक्षेत लिहिलंस, मार्कही मिळाले असतील. आता वापर. १.१ मध्ये उड्डाणाची हकिकत असते, म्हणजे विमान कुठं पडलं ते तिथंच कळतं. तोही भाग झाक. १.५ पासून सुरू कर: माणूस कोण, किती तासांचा. १.६ विमान, १.७ हवामान, १.१० विमानतळ. मग वही काढ आणि लिही: जाणार की नाही? किती इंधन घेऊन? कुठून परत फिरणार? अमेरिकेच्या एनटीएसबी या चौकशी संस्थेच्या छोट्या विमानांच्या अहवालांत विश्लेषण आणि संभाव्य कारण सुरुवातीलाच येतं. म्हणजे शेवटचं पान तिथं पहिलं आहे. झाक.

एक करून बघू. वैमानिकाचे एकूण साधारण ३१० तास, त्यातले ५५ रात्रीचे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी, नाही; अभ्यास चालू. विमान पायपर साराटोगा, एक इंजिन, ऑटोपायलट बसवलेला. या विमानावर त्याचे साधारण ३६ तास, पण इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना तीनेकच. शुक्रवारची संध्याकाळ, सोबत घरच्या दोघी, दुसऱ्या दिवशी नात्यात लग्न. वाटेवरची दृश्यता अंदाजानुसार ४ ते १० मैल, हवेत धुरकं. नियमाला ३ मैल पुरतात. शेवटचे तीसेक मैल समुद्रावरून. एक इन्स्ट्रक्टर सोबत यायला तयार आहे, पण वैमानिकाला एकट्यानं करायचंय. सूर्य मावळलेला, टेकऑफ ८ वाजून ३८ मिनिटांनी.

जाशील?

खोटं लिहू नकोस. मी हा प्रश्न इतक्या मुलांना विचारलाय की आता चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं. बहुतेक जण जातात. मीही गेलो असतो. हवामान नियमात बसतंय, गाठीला तीनशेवर तास आहेत, लग्नघरी लोक वाट बघतायत. हे १६ जुलै १९९९ चं उड्डाण आहे. वैमानिक जॉन एफ. केनेडी ज्युनियर, अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींचा मुलगा, ठिकाण तिथल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळचा समुद्र, तिघंही गेले. अंधार, धुरकं आणि पाणी एकत्र आलं की क्षितिज उरत नाही. कान सांगत राहतो की विमान सरळ आहे, आणि ते वळत वळत खाली चाललेलं असतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटवर उडायचा सराव नसलेल्या २० जणांना क्षितिज दिसेनासं करून बघितलं होतं. विसांच्या हातून विमान सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. त्यांतला एकही कच्चा म्हणून निवडलेला नव्हता.

आता शेवटचं पान उघड. 'स्पेशिअल डिसओरिएंटेशन', म्हणजे दिशेचं आणि तोलाचं भान सुटणं, हे शब्द वाचून तू काय शिकणार? ते परीक्षेत येतं. पण पाच मिनिटांपूर्वी वहीत 'जाईन' लिहिलंस ना, ते तुझ्या अक्षरात आहे. ते ठेव.

हे मी कुठं शिकलो तेही सांगतो. चांगलं दिसणार नाही.

मी तरुण इन्स्ट्रक्टर होतो, एका क्लबवर. कुणीतरी एक परदेशी अहवाल आणला होता: कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरलं, वैमानिकानं कार्ब हीट, म्हणजे तिथं गरम हवा सोडणारा खटका, ओढली, इंजिन आणखीच धडधडायला लागलं, तशी त्यानं घाबरून हीट परत आत ढकलली आणि शेतात उतरला. आम्ही खूप हसलो. 'येडा होता का?' म्हणणारा मीच होतो. बर्फ वितळून पाणी इंजिनात जाताना ते थोडा वेळ खडखडणारच, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं.

दोन महिन्यांनी, पावसाळ्यात, सेसना १५२, आपलं दोन सीटचं शिकायचं विमान. हवा २४ अंश, दवबिंदू २१. एवढ्या उकाड्यात बर्फ कसलं, असं मुलांना वाटतं, पण पेट्रोलची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, दाब उतरताना आतलं तापमान वीस अंशांनीही पडतं. थ्रॉटल मागे घेतलेला असला की जास्तच धोका. आम्ही उतरत होतो आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा, हळूहळू कमी होत होता. मी हीट ओढली. इंजिनानं असा आचका दिला की माझ्या हातानं ती परत आत ढकलली. हातानं म्हणतोय, कारण मी तसं ठरवलं नव्हतं. शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा. तो म्हणाला, 'सर, हे बाहेरच ठेवायचं ना?' आणि त्यानं ओढली. दहा-पंधरा सेकंद इंजिन खोकत राहिलं, मग सुरळीत झालं. तोवर खालच्या बाजरीची कणसं दिसायला लागली होती.

उतरल्यावर त्यानं विचारलं, 'सर, लिहायचं का?' मी म्हणालो, 'काय लिहिणार? बर्फ वितळलं.'

खरंच वितळलेलं होतं. कार्ब आयसिंगचं असंच असतं, चौकशी करणारे पोचेपर्यंत पुरावा पाणी होऊन गेलेला असतो. म्हणून अशा अहवालांत 'परिस्थिती आयसिंगला अनुकूल होती' एवढंच राहतं. माझ्या बाबतीत तेवढंही राहिलं नाही. तेव्हा असं काही लिहून दिलं की चौकशी बसायची, महिनाभर जमिनीवर, घरी पगार यायचा नाही. बहीण लग्नाची होती. आणि पुढं मी शेकडो मुलांना कार्ब हीट बाहेर ठेवायला शिकवलंच की. हे सगळं खरं आहे. पण त्या क्लबवर तोच पावसाळा, तीच १५२ घेऊन दुसरे इन्स्ट्रक्टर उडत होते, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही.

मी त्या परदेशी वैमानिकाला हसलो नसतो तर हात थांबला असता का? मला वाटतं, थांबला असता. तू म्हणशील, सर, हे सिद्ध होत नाही. नाही होत. पण मी चाळीस वर्षं हट्टानं हेच धरून बसलोय आणि आता सोडणार नाही: आधी हसलं की धडा आत जात नाही.

अजूनही 'कच्चा' म्हणायचं असेल तर रिचर्ड मॅकस्पॅडन यांच्याबद्दल म्हणून बघ. अमेरिकेच्या हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरती पथकाचे कमांडर राहिलेले, पुढं एओपीए या वैमानिकांच्या संघटनेच्या एअर सेफ्टी इन्स्टिट्यूटचे प्रमुख. दुसऱ्यांचे अपघात शांतपणे समजावून सांगणं हेच त्यांचं काम. टेकऑफनंतर इंजिन गेलं तर रनवेकडे परत वळावं की नाही, हा त्यांच्या संस्थेनं सविस्तर शिकवलेला विषय. १ ऑक्टोबर २०२३ ला लेक प्लॅसिडहून एका सेसना १७७ मधून निघाले, दोघं होते. टेकऑफनंतर लगेच परत वळले, रनवेपर्यंत पोचले नाहीत. दोघंही गेले. बातमी वाचली तेव्हा चहा कुणाकडून घ्यायचा, ते मला कळेना.

तुझ्या आईनं 'हे वाचणं बंद कर' म्हटलं, तेही लिहिलंस. त्यांना सांग, दिवसा वाचते, वही घेऊन, आठवड्याला एकच. रात्री फोनवर ओळीनं आठ अपघात वाचणं हा अभ्यास नाही, हे त्यांचं बरोबर आहे.

आणि आता खरं काम. मेलच्या अगदी शेवटी तू सहज लिहून टाकलंस की मागच्या सोलो क्रॉसकंट्रीला, एकटीनं केलेल्या लांबच्या उड्डाणाला, समोरचा वारा अंदाजापेक्षा जास्त लागला, उतरल्यावर इंधन मोजायला टाकीत डिपस्टिक घातली तर काळजात धस्स झालं, पण कुणाला बोलले नाही. एवढ्या लांबलचक मेलमध्ये त्यावर दीड ओळ! १५२ मध्ये वापरता येणारं इंधन २४.५ गॅलन, म्हणजे भरलेल्या टाक्यांचे सुमारे ९३ लिटर. तू किती घेऊन निघालीस, वारा किती धरलास, वाटेत कुठं लक्षात आलं आणि लक्षात आल्यावरही पुढं का गेलीस, हे सगळं कागदावर यायला हवं. मला नको, तुझ्या सीएफआयना, मुख्य इन्स्ट्रक्टरना, दे, तारीख घालून. ओरडतील. ओरडू देत.

मला फक्त आकडा कळव. किती लिटर उरलं होतं?