‘मॅडम, माझ्यात जिद्दच नाही’

माझ्याकडे वजनाबद्दल बोलायला येणारे बहुतेक जण दोन वाक्यं हमखास बोलतात. ‘आमच्याकडे सगळेच जाड, रक्तातच आहे ते.’ आणि पाठोपाठ, ‘मीच आळशी, जिद्द नाही माझ्यात.’

अशीच एक जण आली, तीही हेच म्हणाली. वय पस्तिशीचं; अर्धवट सोडलेल्या डाएटचा पाढा तोंडपाठ. मी खाण्याविषयी विचारलंच नाही. कागदावर आडवी रेघ मारून दिली. “वजन कधी वाढलं ते वर लिहा, तेव्हा काय चाललं होतं ते खाली.”

पुढच्या भेटीत कागद भरून आला. लहानपणापासून अंगानं भरलेली, पण वजन स्थिर. मग एका ठिकाणी आकडे भराभर चढलेले. खाली बारीक अक्षरात : ‘अर्धशिशीच्या रोजच्या गोळ्या सुरू. रात्रपाळी.’

“यात आळस कुठे लिहिलाय?” मी विचारलं.

“तेव्हा भूकच आवरायची नाही, मॅडम. मला वाटायचं, मी हावरट झालेय.” आणि ती रडली. मला विचाराल तर उपचार तिथेच सुरू झाला. माणूस स्वतःला आरोपी समजतो तोवर कारणं शोधत नाही, शिक्षा शोधतो. कडक उपास ही त्यातलीच एक.

अर्धशिशी टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट, अमिट्रिप्टिलीनसारख्या औषधांनी वजन वाढू शकतं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनीही. पण गोळी मनानं बंद करू नका. पर्याय डॉक्टरच सुचवतील. अपुऱ्या झोपेनंही भूक वाढते. थायरॉइड तपासावा, मात्र त्यानं वाढणारं वजन सहसा थोडंच असतं.

आणि रक्ताचं म्हणाल, तर आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. एकेका जनुकाचा प्रभाव मात्र बहुधा लहान असतो. 2007 मध्ये लठ्ठपणाशी संबंध दिसलेलं ‘एफटीओ’ जनुकाचं रूप आईवडील दोघांकडून आलं, तरी ते मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत वजनातला सरासरी फरक सुमारे 3 किलोंचा. हालचाल करणाऱ्यांत तो आणखी कमी.

तिची गोळी डॉक्टरांनी बदलली. रात्रपाळी सुटलेली नाही, म्हणून दिवसाच्या झोपेची वेळ आम्ही पक्की केली. वजन सावकाश उतरतंय. तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना असा कागद आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.