जर्मनीतला तो ५५ टक्क्यांचा आकडा

ताई, पोटात बाळ घेऊन लातूरहून लाइपझिगला यायचंय, आणि कुणीतरी सांगितलं की जर्मनीत निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात मांजराचा किडा असतो, मग यावं का, असं विचारलंत. या की. आकडा खरा आहे, पण त्याला भ्यायचं काही कारण नाही.

हा टॉक्सोप्लाझ्मा, मांजराच्या शीतून पसरणारा सूक्ष्म परजीवी. रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूट या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं २००८ ते २०११ मध्ये देशभरातल्या प्रौढांचं रक्त घेतलं, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांत याच्या अँटिबॉडी, म्हणजे लागणीविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं, निघाल्या. म्हणजे ते आज आजारी आहेत असं नाही. आयुष्यात कधीतरी लागण होऊन गेली, एवढंच. म्हणून वयाबरोबर आकडा चढतो: तरुणांत २० च्या आसपास, सत्तरी ओलांडलेल्यांत ७७. पूर्वेकडं प्रमाण जास्त आहे आणि लाइपझिग पूर्वेतच येतं, हेही सांगून ठेवते.

मांजर पाळणाऱ्यांत लागण जास्त दिसते खरी, पण ती कच्च्या मांसातूनही होते, आणि इथं लोक डुकराचं मांस कच्चं खातात, हे गावाकडं सांगितलं तर कुणाला पटत नाही. मेट म्हणतात त्याला. मीठ-मिरी घातलेला कच्चा खिमा अर्ध्या पावावर थापायचा, वर चिरलेला कांदा. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की सकाळीच ताट भरून हजर! तुमचं घर माळकरी, तेव्हा ती वाट बंदच. राहिली मांजराची शी मिसळलेली माती. घोळाण्याची मेथी जशी तीन-चार पाण्यांतून काढता, तशीच इथली स्ट्रॉबेरी नि सॅलडचा पाला धुवा. घरात मांजर असलंच तर त्याच्या शीची पेटी यजमानांना साफ करू द्या, तीही रोजच्या रोज; शीतून बाहेर पडलेली या परजीवीची अंडी लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात.

खरा धोका पहिली लागण गरोदरपणात झाली तर, कारण ती बाळापर्यंत पोचू शकते. म्हणून निघण्याआधी लातूरलाच आयजीजी, आयजीएम या अँटिबॉडींची रक्ततपासणी करून घ्या; आयजीजी जुन्या लागणीची खूण, आयजीएम बहुधा ताज्या. जुनी लागण निघाली तर उलट बरंच. काहीच नाही निघालं तर जपायचं आणि इथं पुन्हा तपासायचं. फ्रान्सनं अशा बायकांची दरमहा तपासणी १९९२ मध्ये सक्तीची केली. जर्मनीत संशय असल्याशिवाय विमा पैसे देत नाही, पदरमोड करावी लागते. डॉक्टरणीकडं विषय तुम्हीच काढा. आयजीएम पॉझिटिव्ह आला तर मात्र तिकिटाआधी तिथल्या डॉक्टरांशी बोला. तो कधीकधी महिनोन्‌महिने रेंगाळतो, त्यामुळं एकाच रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका.