अँटिव्हायरसने फाइल उचलली, तर आधी हे करा
तुम्ही स्वतः लिहिलेला प्रोग्राम अँटिव्हायरसने अचानक गायब केला, तर घाबरून सगळे संरक्षण बंद करू नका. ती फाइल बहुधा क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली बाजूला ठेवण्याच्या बंदिस्त जागेत, असते आणि तिथून परत आणता येते. परत आणल्यावर चालवण्यापूर्वी ती व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर तपासा (खासगी कागदपत्रे मात्र तिथे कधीही चढवू नका), आणि अँटिव्हायरसच्या तपासणीतून सूट द्यायचीच झाली तर त्या एका फाइललाच द्या, अख्ख्या डाउनलोड्स फोल्डरला नव्हे. निर्दोष फाइलला व्हायरस ठरवण्याच्या अशा चुका नामांकित कंपन्यांकडूनही झाल्या आहेत: २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट (svchost.exe) ही आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि हजारो संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. चुकीचा इशारा कंपनीला अवश्य कळवा, कारण डिजिटल सही (निर्मात्याची ओळख पटवणारी खूण) नसलेल्या नव्या प्रोग्रामवर केवळ तो अनोळखी आहे म्हणूनही संशय घेतला जातो.